वळचणीतलं जुनं जाळं

मुलांनो, आज आपण मनातल्या मनात एक घर बांधू या. जागा मी सांगतो: तारापूरची मांगेल आळी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांची वस्ती, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. साल एकोणीसशे सहासष्ट. चार भिंती उभ्या करा, विटांच्या आणि मातीच्या. वर नळीची कौलं चढवा. आता नीट बघा. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यामध्ये चार बोटं फट उरली आहे ना? तिथे, वळचणीत, चिमण्या येऊन बसतात आणि चुलीचा धूर तिथूनच बाहेर जातो. ती फट लक्षात ठेवा.

घराच्या मागच्या अंगाला दोन छोट्या खोल्या काढा. पूर्वी तिथे जाळी आणि दोरखंड ठेवत. पण आता वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालंय. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरतायत, फिटर, सुतार, गवंडी. बोईसरातल्या खोल्या भरल्या, मग शेजारच्या पाम गावच्या भरल्या, मग माणसं तारापुरात विचारत आली. तेव्हा तुम्ही जाळी माळ्यावर टाकली, जमीन सारवली आणि एक खोली भाड्याने दिली.

आता सांगा, ती खोली कुणाची?

तुम्ही लगेच उत्तर दिलं असेल. येसूबाईनेही लगेच दिलं होतं. ती म्हणाली होती, माझी. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

येसूबाईचा नवरा दादू बोट घेऊन समुद्रावर गेला की चार-चार दिवस परतत नसे. घरात ती आणि तिची दहा वर्षांची मुलगी सुलू. मागच्या एका खोलीत पुंजाराम राहायला आला. तो जळगावकडचा, बांधकामावर फिटरच्या हाताखाली काम करी. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. माणूस शांत. त्याची एकच तक्रार होती, वासाची. खोलीच्या खिडकीसमोरच बांबूंवर बोंबील वाळत असत. तो खिडकी कायम लावून घेई आणि तरी नाकाला रुमाल धरून झोपे.

ऑक्टोबरात एक दिवस तो पाळीवरून लवकर आला आणि पाहतो तर त्याच्या खोलीचं दार उघडं.

"ताई, माझ्या खोलीत कोण गेलं होतं?"

"मीच. माळ्यावर आमचा दोरखंड हाय, तो घेतला."

"कुलूप कसं उघडलं?"

"दुसरी किल्ली हाय ना माझ्याकडं," येसूबाई म्हणाली. "माझ्याच घरात जायला मी कुनाला इचारू?"

"घर तुमचं असेल. पण अंथरूण माझं आहे, ट्रंक माझी आहे, बायकोची पत्रं माझी आहेत."

"तुझ्या बायकोची पत्रं वाचायला मला अक्षर तरी येतं काय रे?"

शेजारची हंसा हसली. पुंजाराम हसला नाही. आत जाऊन तो ट्रंक आवरू लागला. सुलू दारात उभी होती. 

खोली सोडून जायला त्याची ट्रंक ओटीवर आली तेव्हा कुणीतरी वामनकाकांना बोलावलं. वामनकाका आळीतले जुने तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो माणूस. आता थकले होते, काठी घेऊन चालत. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"येसू," ते म्हणाले, "बोट तुझी असली तरी ज्याच्या हातात सुकानू दिलं त्याच्या हातातून तू ते मधेच ओढतेस काय?"

येसूबाईला ते लागलं. ती मनाने वाईट नव्हती. फक्त खोली देणं म्हणजे काय देणं, याचा तिने कधी विचार केला नव्हता. तिने कंबरेची दुसरी किल्ली काढली आणि पुंजारामच्या ट्रंकेवर ठेवली.

"घे. दर्याची आन घेऊन सांगते. तू हाक मारल्याबिगर तुझा उंबरा ओलांडनार नाय. तू झोपला असलास तर दारही वाजवनार नाय."

पुंजारामने ट्रंक परत आत नेली. भांडण मिटलं. पण येसूबाईच्या मनात ते मिटलं नव्हतं. आपलं चुकलं, आता भाडेकऱ्यासाठी काहीतरी चांगलं करायचं, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने भिंतीला शिडी लावली. जुन्या फाटक्या जाळ्याचे बोळे केले, शेणमातीत बुडवले आणि बाहेरून वळचणीची फट टोकापासून टोकापर्यंत बुजवून टाकली. आत पाऊल न ठेवता. सुलू खालून एकेक बोळा वर देत होती. शेजारची खोलीही पुढेमागे भाड्याने द्यायचीच होती, म्हणून तिचीही वळचण बुजवली.

संध्याकाळी पुंजाराम परत आला. थोड्या वेळाने तो बाहेर येऊन म्हणाला, "ताई, आज वास नाही."

"नाय ना?" येसूबाई म्हणाली. त्या रात्री तिने सुलूला दोनदा सांगितलं, की पुंजाभाऊ खूश झाला.

वळचणीतल्या चिमण्या दुसऱ्या घरी गेल्या. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डिसेंबरात एका शनिवारी बायडी आली. ती डोंगराकडच्या पाड्यावरची. डोक्यावर कोळशाची पाटी घेऊन बोईसरला यायची आणि तिथे उरलेला कोळसा तारापुरात विकायची. येसूबाईने पुंजारामसाठी पाटीभर कोळसा घेतला. तो ओटीवर शेगडी पेटवून भाकरी करी.

बायडी पाणी प्यायला त्याच ओटीवर टेकली. तिची नजर वर गेली.

"वर कोंडून का घेतलंय?"

"वास येतो बोंबलाचा. भाडेकऱ्याला सोसत नाय," सुलूने सांगितलं.

"शेगडी बाहेर पेटवतो ना?"

"ओटीवर."

"बाहेरच पेटवू दे," बायडी म्हणाली. "माझा भाऊ चिंधू कोळशाच्या भट्टीवर होता. थंडी लागली म्हनून पाटीभर निखारा झोपडीत घेऊन झोपला. सकाळी हाका मारल्या तर उठं ना. धूर नाय, वास नाय. कोळसा गुपचूप झोपवतो मानसाला. झोपडी कुडाची होती, वारा येत होता, म्हनून वाचला. दोन दिस डोकं धरून बसला होता."

एवढं बोलून तिने पाटी उचलली आणि गेली. येसूबाई तेव्हा पुढच्या अंगणात मासळी निवडत होती. तिने यातलं काहीच ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त सुलूने, आणि सुलूही खेळायला पळाली.

आता तो दिवस.

जानेवारीची सकाळ होती. पुंजाराम रातपाळी करून आठच्या सुमाराला परतला. अंगावर घोंगडी, दात वाजत होते. त्याला थंडीताप भरला होता.

"सुलू," तो म्हणाला, "तुमच्या चुलीतला थोडा विस्तव माझ्या शेगडीत घाल गं. आणि आईला सांग, पेज झाली की मला दे. दहापर्यंत हाक मार."

सुलूने शेगडीत कोळसा भरला, वर चुलीतले चार निखारे ठेवले, फुंकर मारून लाल केले आणि शेगडी त्याच्या ओटीवर ठेवून आली. चांगलं काम केलं, असंच तिला वाटलं.

दहा वाजता पेज झाली. सुलू वाडगा घेऊन गेली.

"पुंजाकाका, पेज."

आतून आवाज नाही.

"काका, पेज आनलीय."

ती थोडी थांबली. मग तिने खाली पाहिलं. ओटी रिकामी होती. शेगडी जिथे ठेवली होती तिथे फक्त राखेची गोल खूण होती.

तिने वर पाहिलं. वळचणीत शेणमाती वाळून दगडासारखी झाली होती. खिडकी बंद होती. तिने दार ढकलून पाहिलं, आतून कडी होती.

वाडगा तिच्या हातातून सुटला नाही, पण पेज तिच्या पायावर सांडली. भाजलेलं तिला कळलंही नाही. ती धावत आईकडे गेली.

"आये, पुंजाकाकानं शेगडी आत नेलीय. दार लावलंय. तो ओ देत नाय."

"ताप हाय त्याला. झोप लागली असंल."

"त्यानंच सांगितलं होतं, दहाला हाक मार म्हनून."

"मग मारलीस ना हाक? उठंल तो."

"आये, बायडी सांगत होती. बंद खोलीत कोळसा मानसाला झोपवतो. तिचा भाऊ उठला नव्हता."

येसूबाईच्या हातातला कोयता थांबला. ती उठली, मागे पुंजारामच्या दाराशी आली. तिने हाक मारली, आधी हळू, मग मोठ्याने. दारावर मारायला तिने हात उचलला आणि तसाच हवेत ठेवला.

"मी आन घेतलीय, सुलू. दर्याची. तुझा बाप आज दर्यावरच हाय."

बघा मुलांनो, ती काही भलतं बोलत नव्हती. जिचा नवरा त्याच क्षणी समुद्रात असेल, त्या बाईला ती आण केवढी वाटत असेल? एका बाजूला तिचा नवरा, एका बाजूला तिचा भाडेकरू. आणि दार लावलेलं.

आवाज ऐकून हंसा आली. वामनकाका काठी टेकत आले. काय झालं ते सुलूने एका दमात सांगितलं.

"दार फोड, येसू," वामनकाका म्हणाले.

"काका, तुमच्यासमोर आन घेतलीय मी. आनि झोपला असंल तर? मागच्या वेळी ट्रंक उचलली, आता तर पोलिसात जाईल."

"झोपला असंल तर शिव्या देईल. मी खातो शिव्या, तुझ्या वाटच्या."

"तुमचं काय जातं, काका. तुमचा पोरगा आज घरी हाय."

 हंसा दाराला कान लावून उभी राहिली. "घोरत नाय," ती म्हणाली. "तापाचा मानूस कन्हतो तरी. हा कन्हत पन नाय."

या बोलण्यात किती वेळ गेला असेल? तुम्ही शंभरपर्यंत मोजा, तेवढाच. पण सुलूला तो फार वाटला. तिच्या डोळ्यांसमोर ते चार निखारे होते, तिनेच फुंकर मारून लाल केलेले. आण आईने घेतली होती. तिने कुठे घेतली होती?

तिने आईच्या हातातला कोयता काढून घेतला, अंगणातली शिडी ओढत आणली आणि भिंतीला टेकवली. तीच शिडी, तीच भिंत. वर चढून तिने वळचणीतल्या शेणमातीवर कोयता मारला. ढपला पडला. दुसरा पडला. मग जाळ्याचा बोळा दिसला. तो बोटांना लागला पण निघेना, फटीत घट्ट बसला होता. तिने दोन्ही हातांनी धरून ओढला आणि तो आला तेव्हा ती शिडीवरून पडता पडता राहिली.

फटीतून ऊन ऊन, शिळी हवा तिच्या तोंडावर आली.

"तोंड बाजूला धर," वामनकाका खालून ओरडले. "कौलं काढ, कौलं."

नळीची कौलं बसवायला कठीण, काढायला सोपी. सुलूने एक सरकवलं, दुसरं सरकवलं, खाली टाकलं. उजेडाचा पट्टा आत पडला. तिने श्वास धरून आत डोकावलं. कोपऱ्यात शेगडी होती, अजून लाल. शेजारी घोंगडीचा ढीग. घोंगडीबाहेर एक हात जमिनीवर पडलेला, तळवा वर.

"हात दिसतोय," ती म्हणाली. "हलत नाय."

वामनकाका येसूबाईकडे वळले.

"तू काय शब्द दिलास? त्यानं हाक मारल्याबिगर जानार नाय. आता हाक मारायला तो शुद्धीत हाय काय?"

येसूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. मग कौलं काढणाऱ्या आपल्या मुलीकडे पाहिलं. भिंतीला टेकवलेलं वल्हं तिने उचललं, त्याचं टोक दार आणि चौकट यांच्यामध्ये घातलं आणि हंसाला म्हणाली, "धर."

दोघी मांगेलणी, रोज जाळी ओढणारे हात. पहिल्या दाबाला लाकूड करकरलं. दुसऱ्याला कडीचा खिळा निघाला आणि दार आत आदळलं.

"थांबा. लगेच आत नको. वारा जाऊ दे," वामनकाका म्हणाले.

येसूबाई थांबली नाही. पदर नाकातोंडाला धरून ती आत गेली, चटईचं टोक पकडलं आणि माणसासकट चटई ओढत बाहेर आणली. हंसाने शेगडी वल्ह्याने ढकलून अंगणात काढली.

पुंजाराम उन्हात पडला होता. डोळे मिटलेले. छातीवर कान ठेवून वामनकाका ऐकत राहिले.  बोंबलांवर माशा घोंगावत होत्या, तेवढाच आवाज.

"हाय," ते शेवटी म्हणाले. "बारीक हाय. पानी पाजू नका. गर्दी करू नका. वारा घाला."

येसूबाई सुपाने वारा घालू लागली. किती वेळ घातला कुणास ठाऊक. सुलू शिडीवरूनच पाहत होती. मग पुंजारामच्या घशातून घरघर आली. त्याने मान वळवली आणि ओकला.

 येसूबाईने सूप हलवत ठेवलं.

त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो परत आला. चेहरा उतरलेला, डोकं अजून दुखत होतं. त्याच्या दाराची चौकट सुताराने नीट केली होती. दादू समुद्रावरून आदल्या दिवशीच सुखरूप आला होता आणि कौलं परत बसवत होता.

संध्याकाळी सगळे पुढच्या ओटीवर बसले.

"ताई," पुंजाराम म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर मी राहिलो नसतो."

"मीच मारायला निघाले होते तुला," येसूबाई म्हणाली. "वास येऊ नये म्हनून तुझी हवा बंद केली."

"शेगडी मी आत घेतली."

"भांडू नका आता," वामनकाका म्हणाले. "एकदा भांडलात ते पुरे झालं. ऐका दोघं. खोली भाड्याने द्यायची तर बोलून द्यायची. कुठं जायचं, कवा जायचं, आधीच ठरवायचं. मनात ठेवायचं नाय आनि आनही घ्यायची नाय. आन घेतली की मानूस बांधला जातो, डोकं चालवत नाय."

"मग काय ठरवायचं?" पुंजारामने विचारलं.

"काम असलं तर येसू आदल्या दिवशी सांगंल, तू असताना येईल. हे रोजचं. पन आग लागली, पानी शिरलं, मानूस ओ देईना, तर तीन हाका मारायच्या आनि चौथ्या हाकेची वाट न बघता दार उघडायचं. दोन मानसं बरोबर घेऊन. म्हंजे पुढं कुनी म्हनायला नको, की ट्रंक उघडली."

"पत्रं वाचली," येसूबाई म्हणाली. या वेळी पुंजाराम हसला.

"आनि ताप आला की कडी लावायची नाय."

पुंजारामने खिशातून दुसरी किल्ली काढली आणि येसूबाईपुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"काकांकडं ठेव. मला सवय वाईट हाय."

सगळे हसले. किल्ली वामनकाकांच्या करगोट्याला गेली.

"आनि वासाचं?" दादूने विचारलं.

"बांबू खाडीकडं हलवू," येसूबाई म्हणाली. "वास हलवता येतो. हवा कुठून आननार?" मग तिला काहीतरी आठवलं. "सोमवारी शेजारच्या खोलीत नवरा-बायको येतायत. लहान पोर हाय त्यांना. त्यांनाही हे सगळं आधीच सांगते. सुलू, खोली झाडलीस का गं?"

उत्तर आलं नाही.

"सुलू?"

येसूबाईने दुसरी हाक मारली आणि तिसरी मारायच्या आत ती उठून घराच्या मागे धावली. वामनकाका सोडून सगळेच धावले.

सुलू शिडीवर होती. शेजारच्या खोलीच्या भिंतीशी, हातात कोयता. खाली शेणमातीचे ढपले पडले होते. जाळ्याचा एक बोळा तिने ओढून काढला आणि मागे टाकला. मग फटीतून हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि पलीकडे बोटं मोकळी हलतात का ते पाहिलं.

हलत होती. ती खाली उतरली, शिडी एक हात पुढे सरकवली आणि पुन्हा वर चढली.